सोलापूरच्या माळावर मेलेल्या लाकडाची कूज कशी मोजायची

पोस्ट-डॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, मुदत बहुधा दोन वर्षांची, आणि बाभळीचं मनगटाएवढं लाकूड दोन वर्षांत काही पुरतं कुजत नाही. म्हणून लाकूड संपायची वाट बघायची नाही, ते किती वेगानं संपतंय तेवढं मोजायचं. थंड, ओल्या जंगलांसाठी लिहिलेली कार्यपद्धती इथे जशीच्या तशी चालत नाही. सोलापुरात वर्षाचा पाऊस साधारण 600 ते 700 मिमी, तोही मुख्यतः जून ते ऑक्टोबर. लाकडातलं पाणी कोरड्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांवर गेल्याशिवाय बुरशीला जोर येत नाही, त्यामुळे तिला कामाचे दिवस थोडेच मिळतात. बाकीचं वर्ष वाळवीचं. ती आपली ओल मातीच्या नळीतून स्वतःच घेऊन येते. 133 ठिकाणी केलेल्या 2022 सालच्या एका जागतिक अभ्यासात तापमान 10 अंशांनी वाढलं की वाळवीचा लाकूड खाण्याचा वेग 6.8 पटींहून जास्त वाढलेला दिसला. वाळवी आणि बुरशी वेगळी न मोजता काढलेला आकडा म्हणूनच इथे फारसा कामाचा नाही.

परवानगीपासून सुरुवात करा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काम असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. पण ते मुळात गवताळ रान आहे. तिथे लाकडाचे ओंडके नेऊन टाकण्यापेक्षा कडुनिंब, सुबाभूळ, गिरिपुष्प लावलेले वनविभागाचे जुने प्लॉट जास्त योग्य.

मग लाकूड. तीन जाती घ्या: बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ. जिवंत फांदीचे साडेचार सेंमी जाडीचे, 20 सेंमी लांबीचे तुकडे सॉमिलमधून एकसारखे कापून घ्या. गाठी, भेगा, भुंगेऱ्याची भोकं असलेले बाजूला काढा. तुकडे जाळीच्या पिशव्यांत घालून माळावर ठेवायचे आणि ठरावीक वेळी थोडे थोडे उचलून आणायचे. 3 जाती, 2 प्रकारच्या पिशव्या, 3 जागा, 4 वेळा उचल आणि प्रत्येक वेळी 5 तुकडे, म्हणजे 360. वर 40 जादा ठेवा, लागतातच. तुकडा 105 अंशांवर भाजून बाहेर ठेवू नका, त्यानं लाकडाचा गुण बदलतो. प्रत्येकाच्या टोकाची 2 सेंमीची चकती कापून ती 105 अंशांवर वाळवा, तिच्यातल्या पाण्यावरून उरलेल्या तुकड्याचं कोरडं वजन काढा. नंबर अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून लिहा. मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडते.

पिशव्या 0.3 मिमी छिद्रांच्या स्टेनलेस स्टील जाळीच्या करा. नायलॉन स्वस्त पडतं, पण ते उन्हानं तुटतं आणि खार कुरतडते. निम्म्या पिशव्या पूर्ण बंद, म्हणजे आत फक्त बुरशी; उरलेल्यांच्या तळाला वाळवी शिरावी म्हणून 5 मिमीची दहा भोकं. जाळी दोन्हींत तीच हवी, नाहीतर आतली ओल वेगळी राहते आणि तो फरक वाळवीच्या नावावर जमा होतो. तोंड दोनदा दुमडून तारेनं शिवा. बंद पिशवीत वाळवी शिरते ती बहुतेक या दुमडीतूनच. अशी पिशवी फेकू नका, 'फुटलेली' अशी नोंद करून हिशेब वेगळा ठेवा.

मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या वळवाच्या आसपास मांडा. पिशवीचा तळ मातीला पूर्ण टेकला पाहिजे. खाली बोटभर पोकळी राहिली तर वाळवीला पोचायला महिने लागतात.

आता खरा धोका: सरपण. वाळलेला मोठा ओंडका माळावर पडून राहील हे गृहीतच धरू नका. वनरक्षकाबरोबर जवळच्या वस्तीवर जा, बायकांना तुकडा दाखवा आणि तो कशासाठी आहे ते सांगा. सरपण गोळा करतात त्याच, त्यामुळे नुसतं सरपंचांना भेटून भागत नाही. जाळीतला वीतभर तुकडा चुलीसाठी कुणी नेत नाही, पण जाळीला मात्र भंगाराचा भाव आहे. म्हणून पिशव्या एकाच जागी न ठेवता झुडपांच्या बुडाशी विखरून ठेवा आणि जागा जीपीएसवर नोंदवा.

उचल पहिल्या वर्षी नोव्हेंबर आणि मे, दुसऱ्या वर्षीही तेच महिने. तुकडा सुपलीवर उचलून कागदी पिशवीत टाका. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि वाटेतच बुरशी वाढते. ओलं वजन त्याच दिवशी घ्या. वरची माती ब्रशनं झाडून 105 अंशांवर वाळवा. सहा तासांच्या अंतरानं घेतलेल्या दोन वजनांत अर्धा टक्काही फरक उरला नाही की थांबा.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. वाळवी लाकूड खाते आणि रिकाम्या बोगद्यात माती भरते. ती ब्रशनं निघत नाही आणि वजनात लाकूड म्हणून मोजली जाते. समजा, सुरुवातीचं कोरडं वजन 200 ग्रॅम, दोन वर्षांनी 148. कुजण्याचा दर k म्हणजे सुरुवातीचं वजन भागिले शेवटचं वजन, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम, भागिले वर्षं. हे गणित 0.15 देतं, म्हणजे लाकूड निम्मं व्हायला 4.6 वर्षं. आता तुकडा दळून 550 अंशांवर चार तास जाळा. लाकूड जळून जातं, माती राखेत उरते. राख 13 टक्के निघाली आणि ताज्या लाकडाची 1 टक्का असेल, तर खरं लाकूड 198 वरून 128.8 ग्रॅमवर आलंय. k झाला 0.215, निम्मं व्हायला 3.2 वर्षं. मफल फर्नेस (अशी राख करायची भट्टी) नसलेल्या प्रयोगशाळेत हे काम घेऊच नये.

जागेवर आधीपासून पडलेलं लाकूड मोजायला 100 मीटरची दोरी ताणा आणि तिला छेदणाऱ्या प्रत्येक तुकड्याची छेदाजवळची जाडी घ्या. नेहमीची 10 सेंमीची मर्यादा इथे लावली तर जवळजवळ काहीच सापडत नाही, 2 सेंमीपासून मोजा. प्रत्येक जाडीचा (सेंमीमध्ये) वर्ग करा, त्यांची बेरीज गुणिले 1.234, भागिले दोरीची लांबी (मीटरमध्ये). उत्तर हेक्टरी घनमीटरमध्ये येतं. 4, 5, 6, 8 आणि 11 सेंमीचे पाच तुकडे सापडले तर वर्गांची बेरीज 262, आणि उत्तर हेक्टरी 3.2 घनमीटर.

कुजीची इयत्ता, म्हणजे तुकडा किती कुजलाय याची पायरी (पहिली म्हणजे सगळ्यात कमी), ठरवताना नुसत्या चाकूवर विसंबू नका. वाळवीनं आतून पोखरलेल्या बाभळीचं कवच टणक राहतं, चाकू शिरत नाही आणि तुकडा पहिल्या इयत्तेत जातो. हातोडीच्या दांड्यानं वाजवा. भरीव लाकूड टणटण वाजतं, पोखरलेलं बद्द. शंका आली की करवतीनं मधोमध कापून बघा.