‘पिलाय, पडू दे’ म्हणायच्या आधी : रात्री मदतीला उतरणारी मुलं कशी तयार करायची

गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, किंवा कोजागिरी जवळ आली की मंडळातली मुलं विचारायला येतात, ‘सिस्टर, रात्रीच्या मदतीला आम्ही उतरू का?’ उतरा की. पण तयारी करून उतरा. मी सोलापुरात कॅज्युअल्टीत नोकरी केली, त्यातही बरीच रात्रपाळी, आणि निवृत्त झाल्यापासून अशा मुलांना शिकवते. तुमच्या भागात असा गट उभा करायचा असेल, तर मी कसं करते ते सांगते.

आधी आपल्या शहरात रात्री बाहेर कोण असतं ते मुलांकडूनच वदवून घ्या. सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायला निघालेले. स्टँडवर अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या पहिल्या गाडीची वाट बघत बसलेले भाविक. यंत्रमागाची पाळी सुटलेले कामगार, मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या घेऊन आलेले ड्रायव्हर आणि हमाल, हॉटेलातली भांडी आवरून उशिरा घरी निघालेल्या बायका. आणि परमिट रूममधून बाहेर पडलेले. हे शेवटचे लोक सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात, म्हणून रस्त्यावर आडवा झालेल्या प्रत्येकावर तोच शिक्का बसतो : ‘पिलाय, पडू दे.’ माझं सगळं शिकवणं या एका वाक्याच्या विरोधात आहे.

मुलं निवडताना अंगापिंडाने दांडगी बघू नका. गर्दी हटवायला उत्साहाने पुढे होणारा मुलगा रात्री दोन वाजता एका शुद्ध नसलेल्या माणसाजवळ पाऊण तास गप्प बसून राहील का, हे बघा. रिक्षावाले मला या कामाला फार आवडतात, त्यांना गल्ली न् गल्ली माहीत असते आणि रात्रीची माणसं ओळखता येतात. बायका हव्यातच. निम्म्या नसल्या तरी प्रत्येक रात्री एक-दोन तरी असाव्यात. त्या नसतील तर त्या रात्री गट उतरवू नका असं मी स्पष्ट सांगते. अठराच्या आतलं कोणी नको. आणि ज्याने स्वतः त्या संध्याकाळी घोटभर जरी घेतली असेल, तो त्या रात्री घरी.

पहिला धडा हॉलमध्ये घेते, सतरंजीवर. एक मुलगा झिंगल्यासारखा पडतो. बाकीच्यांना मी विचारते, याला काय झालं असेल? पहिलं उत्तर ठरलेलं असतं. मग मी म्हणते, वास येतोय हे मान्य, आता वासाशिवाय आणखी पाच कारणं सांगा. इथे मुलं अडखळतात, आणि इथेच शिकणं सुरू होतं.

रक्तातली साखर उतरली की माणूस घामाने थबथबतो, थरथरतो, तोंडातल्या तोंडात बोलतो, चिडतो, मारायलाही धावतो. बघणाऱ्याला हुबेहूब दारुडा वाटतो. कोजागिरीला सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापासून तुळजापूरला चालत निघणाऱ्यांत मधुमेहाचे कितीतरी लोक असतात. सकाळची गोळी किंवा इन्शुलिन घेतलेलं, वर उपवास, आणि रात्रभरात पंचेचाळीसेक किलोमीटरची वाट. असा माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून द्या. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्या आणि ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, चमचाभर पाणीसुद्धा नाही. ते श्वासनळीत जातं.

लकवा : चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली, एक हात उचलला जात नाही, बोलणं जड. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ‘शेवटचा ठीक कधी दिसला’ ही वेळ सोबतच्यांकडून विचारून लिहून घ्या. डोक्याला मार लागलेल्याच्या तोंडाला दारूचा वास येऊ शकतो, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. पडल्यावर उलट्या होत असतील, बोलता बोलता गुंगी येत असेल, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठी दिसत असेल, तर झोपू द्या म्हणून सोडायचं नाही. फिट आलेल्याला कांदा हुंगवू नका, चप्पल तर नकोच. दातांत चमचा नको, हातपाय दाबून धरणं नको. डोक्याखाली काहीतरी मऊ घाला, आजूबाजूचे दगड हलवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर फिट चालली की १०८.

हातभट्टीचं वेगळं सांगते, कारण ते उशिरा कळतं. दारूत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असेल तर सुरुवातीला साधी झिंगच दिसते. पुष्कळदा बारा ते चोवीस तासांनी पोटदुखी, उलट्या, जोराचा श्वास आणि ‘डोळ्यांपुढे धुकं आलंय’ ही तक्रार सुरू होते. प्यायलेल्या माणसाने डोळ्यांचं काहीही म्हटलं की थेट दवाखाना. त्याच्यासोबत आणखी कोण कोण प्यायलं ते विचारा, बाटली किंवा पिशवी सापडली तर जपून सोबत द्या.

साधी दारू जास्त झालेल्यालाही एकटं सोडायचं नाही. पिणं थांबलं तरी पोटात असलेली दारू रक्तात चढतच राहते. पाऊण तासापूर्वी बडबड करणारा माणूस आता हाकेला ओ देत नाही, हे मी कितीदा बघितलंय. कडक चहा, लिंबूपाणी, डोक्यावर घागर, घशात बोट घालून उलटी : यातल्या कशानेही दारू उतरत नाही. उलटी श्वासात गेली तर माणूस जातो. म्हणून कुशीवर वळवणं प्रत्येकाला डोळे झाकून यायला हवं. मी ते एकमेकांवर करून घेते, पुन्हा पुन्हा.

माणूस उताणा आहे, श्वास चालू आहे, ओ देत नाही. त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसा. तुमच्याकडचा त्याचा हात खांद्यापासून काटकोनात बाजूला सरकवा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याच्या पंजाची पाठ त्याच्याच गालाला, तुमच्या बाजूच्या गालाला टेकवा आणि तिथेच धरून ठेवा. आता दुसऱ्या हाताने पलीकडचा गुडघा उभा करा, पाऊल जमिनीवरच राहू द्या. तो गुडघा आपल्याकडे ओढला की अख्खा माणूस सहज वळतो. अंगात फार जोर लागत नाही, माझ्या गटातली पंचेचाळीस किलोची मुलगी नव्वद किलोच्या माणसाला वळवते. हनुवटी थोडी मागे, तोंड जमिनीकडे. मग छाती हलते का बघत, नाकाशी गाल नेत, तिथेच बसा. घोरल्यासारखा आवाज येऊ लागला तर मुलं म्हणतात, ‘झोपला.’ तसं नसतं, श्वासाची वाट अडतेय. हनुवटी पुन्हा नीट करा. गाडीची धडक बसलेली असेल किंवा उंचावरून पडलेला असेल तर मान हलवायची नाही. उलटीने श्वासच कोंडत असेल तरच डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून वळवा.

श्वास नसेल, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा असेल, तर छाती दाबायला घ्या. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. हे सरावाच्या पुतळ्यावर शिकल्याशिवाय येत नाही. एखाद्या डॉक्टरांना किंवा नर्सिंगच्या शिक्षिकेला पुतळा घेऊन बोलवा.

दुसरा धडा बोलण्याचा. टॉर्च डोळ्यांत मारत डोक्यावर उभं राहायचं नाही. समोरून, दिसेल असं जायचं, उकिडवं बसायचं, आणि आधी नाव सांगायचं : ‘मामा, मी अमुक. इथे मदतीला आहे. हात लावू का?’ शहराच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, ‘अण्णा’ नि ‘अक्का’ म्हटल्याशिवाय माणूस मान वर करत नाही. घाबरलेला माणूस घरच्या भाषेत जातो, म्हणून प्रत्येकाला दोन वाक्यं पाठ हवीत. तेलुगूत ‘एमैंदी अण्णा? नोप्पी एक्कड?’ आणि कन्नडमध्ये ‘एनायतु? एल्ली नोवु?’ काय झालं, कुठे दुखतंय, एवढंच. नको म्हणाला तर दोन पावलं मागे सरा, पण नजरेआड जाऊ नका.

एकटी बाई दिसली तर गटातली बाई बोलेल, पुरुष लांब उभा राहील. ‘एवढ्या रात्री इथे काय करताय?’ हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे. ‘ताई, गाडीची वाट बघताय का? मी बसू का जवळ?’ असं विचारा. तिच्यावर अत्याचार झाल्याचं तिने सांगितलं तर कहाणी खोदून काढू नका. पोलिसांत जायचं की नाही हे ती ठरवेल. पण दवाखान्यात असे उपचार मोफत करणं कायद्याने बंधनकारक आहे, तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, हे तिला सांगा. तपासणीआधी अंघोळ केली नाही, कपडे धुतले नाहीत तर पुरावा राहतो, हेही हळूच सांगा. ती अठराच्या आतली असेल तर मात्र पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं, तिथे ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. हरवलेल्या पोरांसाठी १०९८. गड्डा भरतो त्या होम मैदानावर पोर सापडलं तर ते जिथे सापडलं तिथेच आधी थोडं थांबा, आई बहुतेक तिथेच परत येते.

मारामारीत पडायचं नाही. लांब उभं राहून पोलिसांचा ११२ लावायचा. आमच्यात दोघांची जोडी असते : एक बोलतो, दुसरा त्याच्या पाठीमागचा रस्ता बघतो. कोणाच्या खिशात हात घालायचा नाही. ओळख पटवायला घालावाच लागला तर पोलिसांसमोर. फोटो नाही, रील नाही. असं करणाऱ्याला मी पुन्हा घेत नाही. आपल्या गाडीवर मागे बसवून कोणाला घरी सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं.

गट उतरवण्याआधी स्टेशन, स्टँड, पार्क चौक, सात रस्ता हा फेरा एकदा दिवसा आणि एकदा रात्री चालून घ्या. कुठला दिवा बंद असतो, कुठलं मेडिकल उघडं असतं, ॲम्ब्युलन्स कुठपर्यंत आत येते, ते वहीत लिहा. १०८ चा फोन पुण्यातल्या नियंत्रण कक्षात लागतो, पलीकडच्या माणसाला आपली टपरी माहीत नसते. आधी ‘सोलापूर शहर’, मग चौक, मग ठळक इमारत आणि रस्त्याची बाजू, मग माणूस शुद्धीत आहे का नि श्वास कसा आहे. समोरच्याने ठेवेपर्यंत फोन ठेवायचा नाही. एक जण मोठ्या रस्त्यावर टॉर्च घेऊन उभा राहील.

अपघाताला हात लावायला लोक अजून घाबरतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं : अपघातातल्या जखमीला प्रामाणिकपणे मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. हे मुलांना आणि त्यांच्या आयांना, दोघांनाही सांगा.

सोपवणं हा कामाचा निम्मा भाग आहे. १०८ बरोबर डॉक्टर येतात, त्यांना चार गोष्टी हव्या असतात : कधी सापडला, कसा पडलेला होता, तेव्हापासून काय बदललं, आपण काय दिलं. ‘पिलाय’ हे आपलं निदान त्यात घालू नका. ‘वास येतोय, नऊ-वीसला बोलत होता, पावणेदहापासून ओ नाही’ असं सांगा. कॅज्युअल्टीत या एका वाक्यावर कोणाला आधी बघायचं ते ठरतं.

पिशवीत हातमोजे, टॉर्च, पाणी, ग्लुकोजच्या पुड्या, स्वच्छ कापड, वही-पेन आणि एक सोलापुरी चादर. जानेवारीच्या रात्री रस्त्यावर पडलेल्याचं अंग गार पडतं, त्याच्याखाली आणि वर दोन्हीकडे पांघरूण हवं. अंगावरचे कपडे फाटलेल्या बाईला तीच चादर आधी लागते. फेरा संपला की सगळ्यांनी चहाला बसायचं आणि त्या रात्री कोणाला काय बघून त्रास झाला ते बोलायचं, गप्प राहिलेल्याला दुसऱ्या दिवशी फोन करायचा. वापरलेली चादर गरम पाण्यात धुवायला टाका आणि ग्लुकोजची पुडी संपली असेल तर घरी जाण्याआधीच नवी भरून ठेवा.