चाकातनं घूंऽऽ आवाज येतोय? हब आणि बेरिंग असं बदला

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आमची गाडी तीन दिवस निम्म्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. सीटा कोरड्या, इंजिनात पाणी नाही, सगळे म्हणाले वाचली गाडी. आणि दिवाळीच्या आसपास पेठ नाक्याकडं जाताना पन्नासच्या पुढं पुढच्या डाव्या बाजूनं घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, जेवढी गाडी पळवाल तेवढा वाढणारा. हब म्हणजे ज्यावर चाक बसतं तो भाग, आणि तो ज्यावर फिरतो ते बेरिंग. बेरिंगचं सील (कडेचं झाकण) उडणारं पाणी न् चिखल अडवायला असतं, दिवसेंदिवस बुडून राहायला नसतं. गाळाचं पाणी आत गेलं की ग्रीस धुवून निघतं, छर्रे आणि रेस (छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात त्या आतल्या-बाहेरच्या कड्या) गंजायला लागतात आणि मग दोनेक महिन्यांनी आवाज बाहेर येतो. २०२१ च्या पुरानंतर ओळखीतल्या दोघातिघांच्या गाड्यांचं पण असंच झालं.

मी तेव्हा एका गॅरेजमधनं बेरिंग बदलून घेतलं, चार महिन्यात परत तोच आवाज. सगळे म्हणाले बेरिंगच डुप्लिकेट असणार. दुसऱ्यांदा मी स्वतः खोलायचं ठरवलं, जुनं बेरिंग फोडून बघितलं तर रेसवर बरोब्बर छर्ऱ्यांच्या अंतरावर बारीक बारीक खड्डे. म्हणजे माल चांगला होता, बसवताना घणानं ठोकलेलं होतं आणि प्रत्येक ठोका छर्ऱ्यांमधनं रेसवर गेला होता. या कामात बाकी बरंच काही चुकलं तर दुरुस्त करता येतं, हे नाही, म्हणून खाली हा मुद्दा जिथं येईल तिथं सावकाश वाचा.

आधी आवाज खरंच बेरिंगचा आहे का आणि कुठल्या चाकाचा हे पक्कं करा, कारण घासलेला टायर पण अगदी असाच गुणगुणतो. टायरचा आवाज डांबरावरनं काँक्रीटच्या रस्त्यावर गेलं की बदलतो, बेरिंगचा फारसा बदलत नाही. मोकळा सरळ रस्ता बघून साठच्या आसपास स्टिअरिंग हलकं उजवीकडं डावीकडं करा. उजवीकडं वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं, तेव्हा आवाज वाढला तर डावं बेरिंग, डावीकडं वळताना वाढला तर उजवं. मग घरी येऊन गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा, एका हातानं चाक फिरवा आणि दुसरा हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवा, खराब बेरिंगची खरखर स्प्रिंगमधनं हाताला स्पष्ट कळते. घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी चाक धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर घरातल्या कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेरिंग, तरी राहिला तर बॉल जॉइंट (चाकाकडचा भाग खालच्या आर्मला जोडणारा गोळ्याचा सांधा) बघा. नऊ आणि तीनला खेळ असेल तर बहुतेक टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा).

बेरिंग ब्रेक पॅडसारखं जोडीनं बदलायची गरज नाही, जे खराब तेच बदला.

आता खरेदी. बहुतेक छोट्या पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाड्यांमध्ये पुढं नकलमध्ये (हब-बेरिंग धरून ठेवणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा लोखंडी भाग) प्रेसनं बसवलेलं दुहेरी रांगेचं सीलबंद बेरिंग असतं, मी इथं तेच सांगतोय. काही गाड्यांना बोल्टवर बसणारं अख्खं हब युनिट येतं, ते सोपं, त्याचं शेवटी सांगतो. जुन्या जीपसारख्या गाड्यांना टेपर रोलर (छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर असलेली बेरिंग) असतात, त्यात ग्रीस भरून नटानं खेळ जुळवायचा असतो, ते काम पूर्ण वेगळं. दुकानात गाडीचं मॉडेल, वर्ष आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे का नाही हे तिन्ही सांगा आणि पक्कं बिल घ्या. सोबत नवा एक्सल नट (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा, हबच्या मधोमध दिसणारा मोठा नट) आणि नवं लॉक (बेरिंग नकलमध्ये धरून ठेवणारी स्प्रिंगची कडी) पण घ्या, जुनं परत वापरू नका.

हत्यारं: जॅक, दोन स्टँड, एक्सल नटाची गोटी, म्हणजे सॉकेट (आमच्या गाडीला ३० ची लागली, तुमची मोजून घ्या), लांब दांडा, टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते कळणारा), लॉक काढायचा प्लायर, वायर ब्रश, तार, चष्मा. प्रेस विकत घ्यायची काही गरज नाही. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत लेथवाल्यांच्या शेडमध्ये हायड्रॉलिक प्रेस मिळून जातो, साताऱ्याकडं पण एमआयडीसीत विचारा. आपण नकल खोलून पिशवीत घालून न्यायची आणि समोर उभं राहून दाबून घ्यायचं.

खोलायला सुरुवात गाडी जमिनीवर असतानाच करायची. व्हील कॅप काढा, एक्सल नटाची चेपलेली कड छिन्नीनं उचला किंवा स्प्लिट पिन असेल तर ती काढा, कुणालातरी ब्रेक दाबून बसवा आणि नट फक्त ढिला करा. जॅकवर असलेल्या गाडीवर एवढा जोर लावला तर गाडी खाली येऊ शकते. व्हील नट पण तेव्हाच ढिले करा. मग मागच्या चाकांना दगड लावा, गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा, चाक काढा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालू नका, कितीही घाई असली तरी.

एबीएसचा सेन्सर सगळ्यात आधी काढून बाजूला बांधा. आपल्याकडच्या गंजात तो अडकून बसतो, ओढून तुटला तर उगाच नवा घ्यावा लागतो, म्हणून आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा आणि हळूहळू फिरवत काढा. मग कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) काढून तारेनं स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका. डिस्क काढा. टायरॉड एंडची पिन आणि नट काढून नकलच्या कानावर बाजूनं दोन ठोके द्या, तो सुटतो. नटाच्या आट्यांवर ठोकायचं नाही. शॉकअपचे दोन बोल्ट काढायच्या आधी खडूनं किंवा पेंटनं त्यांची जागा मार्क करा, नाहीतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो. खालचा बॉल जॉइंट सोडवा.

आता ड्राइव्ह शाफ्ट हबमधनं मागं ढकलायचा. नट दोनचार आटे परत लावा, वर लाकूड धरा आणि हलकं ठोका, म्हणजे आटे खराब होत नाहीत. शाफ्ट बाहेर ओढू नका, आतला जॉइंट सुटून येतो आणि काम वाढतं. सुटलेला शाफ्ट पण तारेनं टांगून ठेवा.

प्रेसवर आधी हब बाहेर दाबून काढायचं. यात जुन्या बेरिंगची आतली रेस बहुतेक वेळा हबलाच चिकटून येते, घाबरू नका. ग्राइंडरनं त्या रेसला तिरकी खाच पाडायची, हबला न लागता जेमतेम, आणि खाचेत छिन्नी ठेवून एक ठोका द्यायचा, रेस फाटते आणि सुटते. हे पोलाद फार कडक असतं, तुकडा उडतो, चष्मा घालूनच करा. मग नकलमधलं लॉक काढा, ते काढलं नाही आणि प्रेस चालवला तर नकल फुटेल. त्यानंतर जुनं बेरिंग दाबून बाहेर.

नकलचं भोक आणि हबची दांडी कापडानं पुसा, बारीक पॉलिश पेपरनं गंज घालवा, पण माल काढू नका. भोकात जुनी बाहेरची रेस फिरल्याच्या चकचकीत गोल खुणा दिसल्या किंवा नवं बेरिंग हातानं सैल आत गेलं तर नकलच बदला. भोकात पंचनं टोचे मारून किंवा पत्रा घालून बसवणारे भेटतात, तसलं अजिबात करू नका, परत फिरायला लागतं.

आता मेन काम. नवं बेरिंग नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर द्यायचा. बाहेरच्या रेसपेक्षा किंचित लहान व्यासाचा लोखंडी तुकडा वापरा, जुन्या बेरिंगची बाहेरची रेस बाजूनं थोडी घासून घेतली तर तीच चालते. लॉक बसवा, खाचेत सगळीकडनं बसलंय का हे नखानं तपासा. आणि हब आत दाबताना खालनं आधार फक्त आतल्या रेसला द्यायचा, तेवढ्याच मापाच्या पाइपचा तुकडा खाली ठेवून. इथं बरेच जण नकल तशीच टेबलावर ठेवून वरनं हब दाबतात, मग सगळा जोर आतली रेस, छर्रे, बाहेरची रेस असा जातो आणि गाडी दारातनं बाहेर पडायच्या आधीच बेरिंग खराब होतं. माझं पहिलं घणाच्या ठोक्यांनी असंच गेलं. प्रेसवाल्याला हे आधीच सांगा, गरज पडली तर पाइपचा तुकडा घरनं घेऊन जा. याच कारणासाठी एकदा बसवून परत दाबून काढलेलं बेरिंग वापरायचं नाही, काढताना जोर छर्ऱ्यांमधनंच जातो.

थोडं सोपं व्हावं म्हणून मी बेरिंग पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. ७० मिलिमीटर व्यासाचं पोलाद साधारण ४५ अंशांनं थंड झालं की ०.०४ मिलिमीटरच्या आसपास आकसतं, आणि ही फिटिंग तेवढ्याच फरकावर घट्ट असते. शेडपर्यंत थर्मासच्या डब्यात न्या, नाहीतर उन्हात वाटेतच गरम होतं.

एबीएसवाल्या बऱ्याच बेरिंगमध्ये एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, ती सेन्सरच्या बाजूला आली पाहिजे, म्हणजे गाडीच्या आतल्या बाजूला. ओळखायचं कसं, सीलवर कागद ठेवून टाचणी जवळ न्या, ज्या बाजूला ओढली जाते ती पट्टीची बाजू. ही बाजू स्पीकर किंवा मॅग्नेटच्या ट्रेपाशी ठेवू नका. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागून राहतो आणि मग नवं बेरिंग.

सीलबंद बेरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं, ते उघडून भरू नका, डिझेलनं तर धुवूच नका.

जोडणी उलट क्रमानं. शॉकअपचे बोल्ट मार्कवर, बॉल जॉइंट, टायरॉड, नवी स्प्लिट पिन, डिस्क, कॅलिपर, सेन्सर. एक्सल नट हातानं लावून गाडी जॅकवर असतानाच ब्रेक दाबून बऱ्यापैकी घट्ट करा, मग चाक लावून गाडी खाली घ्या आणि टॉर्क पान्यानं तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आणा. आतली रेस दोन भागांची असते आणि हा नटच ते दोन भाग एकमेकांना धरून ठेवतो, म्हणून नट ढिला असताना गाडी चार फूटसुद्धा ढकलू नका. शेवटचा टॉर्क एअर गननं मारू नका, किती बसला ते कळत नाही. मग नटाची कड खाचेत चेपा.

मागच्या चाकाला बोल्टवालं युनिट असेल तर हँडब्रेक सोडा, ड्रम काढा, मागनं चार बोल्ट काढा, गंजलेलं युनिट बाजूबाजूनं ठोकत सोडवा, जागा वायर ब्रशनं साफ करा आणि नवं टॉर्कनं लावा. प्रेसचं काम नाही.

गाडी खाली घेतल्यावर आधी ब्रेकचं पॅडल दोनतीनदा दाबा, कॅलिपर मागं ढकलला असेल तर पहिल्यांदा पॅडल आत जातं. मग तोच रस्ता, तोच वेग, तेच उजवं डावं वळण. घरी आल्यावर हबजवळ थोड्या अंतरावर हात धरून दोन्ही बाजू सारख्याच गरम आहेत का बघा, नवी बाजू जास्त तापली असेल तर काहीतरी बसवताना चुकलंय. शंभरेक किलोमीटरनंतर व्हील नट परत तपासा आणि अलाइनमेंट करून घ्या. पावसाळ्यात लांबचा प्रवास करून आल्या आल्या गरम हब घेऊन ओढ्याच्या पाण्यात गाडी घालू नका, आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. सर्व्हिसिंगला गेलात तर प्रेशरचं पाणी हबवर सरळ मारू नका म्हणून सांगा.