घरापुरती पवनचक्की: आधी वारा मोजा, मग यंत्र घ्या

शेतावर एक किलोवॉटची पवनचक्की बसवायची म्हटली की पहिली चौकशी यंत्राच्या भावाची होते. पहिला खर्च खरं तर वारा मोजण्यावर व्हायला हवा. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते.

३ मीटर व्यासाचं चक्र (पाती फिरतात तो गोल) घ्या. त्याचं क्षेत्रफळ साधारण ७ चौरस मीटर. त्याला हवेची घनता (पठारावर १.१ किलो प्रति घनमीटर धरा) आणि सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा घन यांनी गुणून निम्मं करायचं, की वाऱ्यातली ताकद वॉटमध्ये मिळते. यातला ५९.३ टक्क्यांहून जास्त भाग कुठलंच चक्र घेऊ शकत नाही. ही बेट्झची मर्यादा. छोट्या चक्कीकडून २५ टक्के धरा. मग सेकंदाला १० मीटरच्या वाऱ्यात साधारण ९७० वॉट मिळतात, ५ मीटरच्या वाऱ्यात जेमतेम १२०. माहितीपत्रकातला ‘१ किलोवॉट’ कोणत्या वेगाचा आहे, हे म्हणूनच विचारून घ्या.

नुसत्या सरासरीवरही विसंबू नका. दिवसभर एकसारखा ५ मीटरचा वारा असेल तर २.९ युनिट. १२ तास १० मीटरचा आणि १२ तास शांत असेल, तर सरासरी तीच, पण वीज ११ युनिटांच्या वर. त्यासाठी तासातासाची नोंद ठेवणारा वारामापक हवा, तोही चक्र बसणार त्या उंचीच्या शक्य तितका जवळ, आणि वर्षभर. फक्त पावसाळ्यात मोजलं तर फसगत ठरलेली. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी, वनकुसवडेसारख्या पठारांवरही जोराचा वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर असतो. त्याच महिन्यांत ढगांमुळे सौर पॅनल मंदावतात, म्हणून आपल्याकडे दोन्हींची जोडी लावणंच शहाणपणाचं.

उंचीत काटकसर करू नका. चक्राचं खालचं टोक १५० मीटरच्या परिसरातल्या सर्वांत उंच झाडा-इमारतीपेक्षा निदान ९ मीटर वर हवं. जवळ ८ मीटरचा आंबा असेल तर मनोरा १८.५ मीटरचा, आंबा वाढणार, तेही धरा. झाडामागचा वारा घुसळलेला असतो. त्यात वीज कमी मिळतेच, शिवाय चक्र सतत दिशा बदलत राहतं आणि बेअरिंग व पाती लवकर थकतात. घराच्या गच्चीवर तर बसवूच नका, कंप भिंतींत उतरतो.

दुरुस्तीसाठी खाली आडवा करता येणारा, चार बाजूंनी तारांनी ताणलेला मनोरा सोयीचा. तारांचे पाये मनोऱ्यापासून किमान त्याच्या निम्म्या उंचीइतके दूर घ्या. दोन बाजूंचे पाये मनोऱ्याच्या बुडाशी असलेल्या बिजागरीच्या रेषेत, तिच्याच पातळीवर हवेत. नाहीतर मनोरा उचलताना एक तार सैल पडते आणि दुसरी तुटेपर्यंत ताणली जाते. तारेचं वळवलेलं टोक पकडणारा यू-क्लॅम्प लावताना खाचेची बाजू ताण घेणाऱ्या लांब तारेवर आणि यू-बोल्ट वळवून आणलेल्या आखूड टोकावर ठेवा. उलटा लावला तर बोल्ट ताणाची तारच चेपतो. एका टोकाला तीन क्लॅम्प लावा, आणि टर्नबकल (तार ताणायचा फिरकीचा स्क्रू) फिरू नये म्हणून त्यातून तार ओवून बांधा.

बॅटरी ४८ व्होल्टची घ्या. रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारं उपकरण) मनोऱ्याच्या पायथ्याशी आणि बॅटरी ४० मीटरवर असेल, तर १० चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलमध्ये पूर्ण भाराला ३ व्होल्ट जातात, म्हणजे सहा टक्के. २४ व्होल्टला प्रवाह दुप्पट, म्हणून ६ व्होल्ट: पावभर वीज केबल तापवण्यातच गेली.

बॅटरी भरली म्हणून चक्कीची जोडणी नुसती तोडायची नाही. भार गेला की चक्र मोकाट फिरतं आणि पाती फुटतात. जादा वीज चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरने रेझिस्टरमध्ये जाळली पाहिजे. तो रेझिस्टर चक्कीच्या पूर्ण क्षमतेचा, भिंतीपासून दूर, हवेशीर जागी हवा. मनोरा आणि ताणाची प्रत्येक तार यांना अर्थिंग द्या.

दर मे महिन्यात मनोरा उतरवून पात्यांच्या कडा, बोल्ट आणि तारा तपासा. उतरवण्याआधी जनरेटरच्या तिन्ही तारा शॉर्ट करणारा ब्रेक-स्विच टाका, पण वारा मंदावल्यावरच. भरवेगात टाकला तर चक्र थांबेलच असं नाही, आणि कॉइल मात्र जळते.