लाकडी फर्निचरवर डागण्यासाठी पितळी ठसा कसा बनवावा

आपण घडवलेल्या खुर्चीच्या किंवा पेटीच्या तळाशी आपले चिन्ह डागून उमटवायचे असेल, तर त्यासाठीचा ठसा साध्या हत्यारांनी बनवता येतो. धातू म्हणून पितळ निवडावे, कारण ते कानशीला आणि छिन्नीला सहज दाद देते आणि उष्णता सगळीकडे लवकर पसरवते. पोलाद अधिक टिकाऊ असले तरी हाताने कोरणे कष्टाचे असते, तर ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसलाच वितळत असल्याने टॉर्चच्या ज्योतीपुढे त्याचा भरवसा नाही. ठोकळा सुमारे १५ मिमी जाड असावा. पातळ पट्टी लाकडाला टेकताच थंड पडते.

ठसा चांगला उमटणार की नाही, हे बहुतांशी आखणीच्या वेळीच ठरते. नाव पातळ कागदावर सरळ लिहून तो कागद पितळेवर पालथा चिकटवला की अक्षरे आपोआप उलटी दिसतात. रेषा ठसठशीत ठेवाव्यात आणि दोन रेषांमध्ये निदान दीड मिमी जागा सोडावी, कारण गरम धातू आपल्या कडेबाहेरचे लाकूडही थोडे करपवतो. देवनागरीत हे विशेष सांभाळावे लागते: ‘ब’च्या किंवा ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ दाटीवाटीने कोरली, तर लाकडावर नुसता काळा ठिपका उरतो. अशा अक्षरांचे पोट मुद्दाम फुगवून काढावे, ते कागदावर थोडे बेढब दिसले तरी चालेल.

अक्षरांभोवतीचा भाग सुमारे ३ मिमी खोल काढावा, म्हणजे पार्श्वभूमी करपणार नाही. अक्षरांच्या बाजू तळाकडे किंचित रुंद होत गेल्या, तर बारीक रेषा दाबाखाली वाकत नाहीत. कोरून झाल्यावर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून ठशाचे तोंड त्यावर घासावे. मागच्या बाजूस मध्यभागी, आरपार जाणार नाही असे ६.८ मिमीचे छिद्र पाडून त्यात ८ मिमीचे आटे पाडावेत आणि लोखंडी सळई बसवावी. सळईवर जस्ताचा मुलामा नसावा, कारण तापल्यावर त्याचा धूर अपायकारक ठरतो. दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ पुरते.

ठसा पाठीमागून तापवावा. ज्योत थेट अक्षरांवर धरल्यास त्यांच्या कडा आधी तापतात आणि काजळीही धरते. पितळ लालबुंद होऊ देऊ नये. त्याच जातीच्या लाकडाच्या तुकड्यावर आधी चाचणी घ्यावी: गडद तपकिरी, रेखीव खूण उठली तर उष्णता योग्य आहे, आणि कडेला काळी झालर आली तर ठसा थोडा निवू द्यावा. पाइनसारख्या लाकडात मऊ व कठीण वलये असमान जळतात, तेथे कमी उष्णता आणि जरा जास्त वेळ हा मार्ग बरा.

पृष्ठभाग घासून झाल्यावर, परंतु पॉलिश चढवण्यापूर्वी, ठसा सरळ खाली टेकवून दोन ते चार सेकंद दाबावा आणि न सरकवता चारही बाजूंना हलकेच झुकवून सरळ वर उचलावा. अपुरी उमटलेली खूण पुन्हा दाबण्याच्या फंदात पडू नये, कारण दुसरा ठसा पहिल्यावर तंतोतंत बसणे जवळजवळ अशक्य असते. गरम ठसा भुशापासून दूर, विटेवर ठेवावा. लाकूड निवल्यावर कडेची करपट २२० नंबरच्या पॉलिश पेपरने पुसटशी घासून घ्यावी आणि मग पॉलिश करावे.