आंबा पिकवताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात खानापूर भागातले नवे बागायतदार तोच प्रश्न घेऊन येतात : "काका, इथिलीन दिलं, रंग पण आला, तरी आंबा आंबटच. गॅस कमी पडला काय ओ?" गॅस कमी पडलेला नसतो. आंबा कोवळा उतरवलेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इथिलीन हे फळाचं स्वतःचं संप्रेरक आहे. पेशीतली त्याला धरून ठेवणारी प्रथिनं (ग्राहक प्रथिनं) एरवी पिकण्याचा निरोप अडवून धरतात. इथिलीन चिकटलं की ती अडवणूक थांबते, निरोप केंद्रकात पोचतो आणि ईआयएन-३ नावाचं प्रथिन जनुकं चालू करायला लागतं. त्यांतली काही पिष्टाची साखर करतात, काही पेशी जोडून ठेवणारं पेक्टिन तोडून गर मऊ करतात, काही हिरवा रंग घालवतात. पण मुळात ही जनुकं निरोप ऐकायला तयार हवीत. टोमॅटोत हे स्पष्ट दिसलंय. कोवळ्या फळात पिकण्याच्या जनुकांच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट नावाच्या छोट्या रासायनिक तुकड्यांचं कुलूप असतं, फळ भरेल तसं ते निघतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिथाइल गट बसू न देणारं रसायन कच्च्या टोमॅटोत टोचलं, तर ते वेळेआधीच पिकले. शिवाय कोवळ्या आंब्यात पिष्टच पुरतं साठलेलं नसतं. मग साखर कशाची होणार?

आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोरानं अक्षय्य तृतीयेचा दर गाठायचा म्हणून सगळी बाग एकदम उतरवली. रंग येईना म्हणून इथिलीन आणखी सोडलं. साल पिवळी होऊन सुरकुतली, आत गर पांढुरका आणि चिवट. बेळगावच्या रविवार पेठेत पेट्या उघडल्या. गिऱ्हाइकं एक फळ कापून बघायची आणि पुढच्या दुकानाकडे वळायची. त्याच्या बांधाला लागून असलेल्या आजोबांनी पाड लागेपर्यंत झाडाला हात लावला नाही. त्यांचा आंबा साध्या भाताच्या पिंजरात पिकला आणि दारातूनच संपला. त्या पोराची मेहनत वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्याला फक्त थांबायचं होतं.

मी स्वतः देठाजवळचे खांदे भरलेत का ते बघतो आणि शंका आली तर फळ बादलीत टाकतो. बुडलं तर अढीत, तरंगलं तर लोणच्याला.

दुसरी चूक म्हणजे खोली गच्च बंद ठेवणं. पिकणारं फळ जोरात श्वसन करतं. कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या वर साचला की इथिलीनचं काम मंदावतं, आणि फळाला स्वतःचं इथिलीन बनवायला ऑक्सिजनही लागतोच. सकाळ-संध्याकाळ दार उघडा. डोस वाढवत बसू नका. कायद्यानं 100 पीपीएमपर्यंतच (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) परवानगी आहे आणि तयार फळाला तेवढं पुरतं. एकदा बाहेरून निरोप मिळाला की इथिलीन बनवणारी त्याची स्वतःचीच जनुकं जोमानं चालू होतात.

तापमान आंब्याला 20 ते 22 अंश, केळ्याला 16 ते 18. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये केळी घातली तर आतून मऊ पडतात आणि साल हिरवीच राहते.

कच्चा आंबा फ्रिजमध्ये नको. टोमॅटो तर पिकलेलाही नको : थंडीत सुगंधाशी संबंधित जनुकं मंदावतात आणि फळ परत बाहेर काढलं तरी गेलेली चव पुरती येत नाही.

आंबा पिकवायला कॅल्शियम कार्बाइडची पूड अजिबात नको. त्यातून निघणारा ॲसिटिलीन इथिलीनची कच्ची नक्कल करतो, सोबत आर्सेनिक-फॉस्फरसची भेसळ असते, आणि बंदी असूनही ते वापरणाऱ्यांशी मला बोलायचंच नसतं.

अथणीकडच्या द्राक्षांना आंब्याचा नियम लावू नका. त्यांच्या पिकण्यात मुख्य भूमिका ॲब्सिसिक आम्ल या दुसऱ्याच संप्रेरकाची असते आणि घड तोडल्यावर गोडी वाढत नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायच्या यंत्रावर) साखर कमी दिसली तर घड वेलीवरच राहू द्या.