पाझर तलावावर मरळ आणि मागूर गळाला कसे लावावेत

मरळ आणि मागूर पाण्यावर तोंड काढून हवा घेतात. म्हणून चैत्र-वैशाखात तळं डबक्याएवढं उरलं, रोहू-कटला मरून तरंगू लागले, तरी हे दोघं गाळात टिकून राहतात. हीच सवय त्यांचा ठावठिकाणा सांगते. तळ्यावर पोचल्या पोचल्या गळ टाकू नका. भरावावर बसून पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाणी बघा. बेशरमाच्या झुडपापाशी किंवा पाणकणसाच्या कडेला पचक आवाज होऊन वलय उठलं, तर बहुतेक मरळच. तीच जागा थोड्या वेळाने पुन्हा हलते.

त्याआधी परवानगी. असे तलाव बहुधा मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असतात. विचारल्याशिवाय बसलात तर भांडण ठरलेलं.

मरळीसाठी सहा-सात फुटी रॉड, ३०-४० पौंड ताण सोसणारी वेणीची (ब्रेडेड) दोरी आणि पोकळ रबरी बेडूक. जिवंत बेडूक लावायची गरज नाही. रबरी बेडकाचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो गवतावरून न अडकता सरकतो. वलय उठलं तिथे थेट फेकू नका, मरळ बुजते. चार-पाच हात पलीकडे टाका, छोट्या झटक्यांनी ओढत आणा आणि गवतातल्या मोकळ्या पाण्यात आला की दोन-तीन सेकंद थांबवा. झडप बहुतेक तिथेच पडते.

चूकही तिथेच होते. पाणी उडालं की हात आपोआप रॉड खेचतो आणि बेडूक रिकामा परत येतो, कारण गळ अजून जबड्यात गेलेलाच नसतो. रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा, मनात एक-दोन म्हणा, दोरीला वजन जाणवलं की मगच जोरात उचला. मग ढील देऊ नका. मरळ लगेच झुडपाच्या मुळांत शिरते. तिचं डोकं वर ठेवून गवतावरूनच ओढून आणायची. सकाळी नऊपर्यंत आणि ऊन कलल्यावर हा खेळ चालतो.

पावसाळ्यात मात्र पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली राखणीला आई-बाप असतात. ते गेले की पिलं इतर माशांच्या तोंडी जातात.

मागूर वासावर येतो, तोही अंधार पडल्यावर. उकिरड्यातली जाड गांडुळं सर्वांत बरी. कोंबडीचं आतडं लावायचं तर अर्धा तास उन्हात आवळू द्या. ताजं आतडं फेकतानाच गळावरून निसटतं. तंगूस (नायलॉनची दोरी) ०.४० मिलिमीटर जाडीचा, गळ ४ ते ६ नंबरचा. मधून भोक असलेलं दहा-पंधरा ग्रॅमचं शिसं दोरीत ओवा आणि गळापासून वीतभर वर गाठ मारून अडवा. शिसं सरकतं राहिलं की मासा आमिष उचलतो तेव्हा त्याला ओझं लागत नाही. आपल्या काळ्या मातीच्या तळाशी जड शिसं आमिषासकट गाळात रुततं. म्हणून शिसं हलकं आणि चपटं घ्या, गळाजवळ हरभऱ्याएवढा थर्माकोल लावा. पहिल्या पावसानंतर ओढा तळ्याला मिळतो तिथलं गढूळ पाणी सोडू नका.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ उपसलेल्या तळ्यांत उन्हाळ्यात मासा खड्ड्यांमध्ये गोळा होतो. जागा उत्तम, पण कडा उभ्या असतात. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नका, दोरी तोडा.

मागूर काढताना कल्ल्यामागच्या दोन्ही बाजूंचे काटे सांभाळा. मागुरासारखीच दिसणारी शिंगी लागली तर जास्तच जपा, तिचे काटे विषारी असतात. काटा बसला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास हात बुडवून ठेवा, उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. सूज वाढली तर दवाखाना गाठा.

धरलेली मरळ जाळीत घालून पूर्ण पाण्याखाली ठेवू नका. हवा न मिळाल्याने ती पाण्यातच गुदमरते. ओलं पोतं आणि तळाशी ओंजळभर पाणी पुरतं. मागुराचा चिकटपणा नुसत्या पाण्याने जात नाही. चुलीतली राख आणि जाड मीठ चोळा, मगच सुरी लावा.