एम्युलेटरचा आवाज मध्येच तुटतो? सेटिंग बदलण्याआधी या चुका टाळा

जुन्या गेम कन्सोलचा एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लावला, चित्र स्वच्छ आले, बटणेही नीट चालली, पण संगीत मध्येच तुटते, 'खर्र' होते आणि पुन्हा काही घडलेच नाही असे वाजू लागते, ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. तक्रार घेऊन येणाऱ्याने तोवर एक उपाय हमखास करून पाहिलेला असतो, तो म्हणजे ऑडिओ लेटन्सीचा, म्हणजे आवाजाला दिलेल्या उशिराचा, आकडा वाढवणे. ६४ मिलिसेकंदांचे १२८ करायचे आणि तरीही थांबले नाही की २५६ करायचे. आवाज नेमका कधी तुटतो हे ऐकून घेतल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. अधूनमधून होणारा बिघाड आपले कारण स्वतःच सांगत असतो. ऐकणाऱ्याने पाच-दहा मिनिटे हात बांधून बसायची तयारी मात्र ठेवावी लागते. ठरावीक अंतराने तुटणारा आवाज, पडद्यावर गर्दी झाली की तुटणारा आवाज, बराच वेळ खेळल्यावर तुटू लागणारा आवाज आणि वायरला धक्का लागला की तुटणारा आवाज ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगवेगळी आहेत.

कारण न शोधता लेटन्सी वाढवणे

एम्युलेटर आवाज तयार करून बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या जागेत, टाकत असतो आणि साउंड कार्ड तो आपल्या ठरलेल्या वेगाने, बहुधा सेकंदाला ४८,००० नमुने (आवाजाचे सूक्ष्म तुकडे) या हिशेबाने, उचलत असते. सुपारीच्या बागेला टाकीतून पाणी सोडले आहे आणि पंप ओततो त्याहून किंचित जास्त पाणी बाहेर जात आहे, असे असेल तर टाकी कितीही मोठी बांधली तरी ती रिकामी होणारच. मोठ्या टाकीने फक्त रिकामी होण्याची वेळ पुढे जाते. बफरचेही तसेच आहे, आणि लेटन्सी वाढवणे म्हणजे हा बफर मोठा करणे.

हा फरक येतो कुठून, ते आकड्यांनी पाहू. अमेरिकेत आणि जपानमध्ये विकला गेलेला निन्टेन्डोचा ८-बिट कन्सोल सेकंदाला ६०.०९८८ चित्रे काढत असे. आपल्या टीव्हीचा किंवा मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो तो आकडा, मात्र अनेकदा ५९.९४ असतो. व्हीसिंक, म्हणजे चित्रे पडद्याच्या गतीशी जुळवण्याची सोय, चालू असताना एम्युलेटर पडद्याच्या वेगाने धावतो, म्हणजे मूळ यंत्रापेक्षा सुमारे ०.२६ टक्के हळू. कोणतीही दुरुस्ती केली नाही तर दर सेकंदाला जवळजवळ १२७ नमुने कमी तयार होतात. ६४ मिलिसेकंदांच्या बफरमध्ये ३,०७२ नमुने मावतात, त्यामुळे तो काठोकाठ भरलेला असला तरी सुमारे २४ सेकंदांत रिकामा होतो आणि तिथे 'खर्र' ऐकू येते. लेटन्सी १२८ केली की तीच खरखर ४८ सेकंदांनी येते आणि माणसाला वाटते की दुखणे निम्मे बरे झाले. प्रत्यक्षात ते जसेच्या तसे असते. शिवाय २५६ मिलिसेकंद म्हणजे पडद्यावरची जवळजवळ १५ चित्रे. बटण दाबल्यावर उडी आत्ता दिसते आणि तिचा आवाज पाव सेकंदाने येतो. असा खेळ खेळण्यात काय गोडी राहिली, हे मला खरोखर समजत नाही.

यावरचा योग्य उपाय एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी फार पूर्वीच करून ठेवला आहे. रेट्रोआर्च या अनेक कन्सोलचे एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'डायनॅमिक ऑडिओ रेट कंट्रोल' नावाची सोय मुळातच चालू असते आणि तिचा आकडा ०.००५, म्हणजे अर्धा टक्का, असतो. बफर रिकामा होऊ लागला की आवाज अगदी किंचित ताणायचा आणि भरू लागला की किंचित आवळायचा, एवढेच तिचे काम. अर्धा टक्का ताणल्याने सुरात पडणारा फरक अर्ध्या स्वराच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो, त्यामुळे खेळताना तो कानाला जाणवत नाही. ही सोय बंद करू नये. त्याचबरोबर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पडद्याचा खरा रिफ्रेश रेट भरलेला आहे का, ते पाहावे. तिथेच अंदाजे मोजलेला आकडा दिसतो; तो स्थिर होईपर्यंत थांबून मगच स्वीकारावा. आकडा हलत असतानाच बटण दाबून मोकळे होणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची खरखर कधीच जात नाही.

टीव्ही ५० हर्ट्‌झवर ठेवून ६० हर्ट्‌झचा खेळ चालवणे ही याच जातीची, पण जास्त ठळक चूक आहे. रेट्रोआर्च वेगातला पाच टक्क्यांपर्यंतचा फरक जुळवून घेतो. ५० आणि ६० मधला फरक त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. टीव्ही ६० वर आणावा, बाकी काही करू नये.

घाईघाईने सगळे एकदम बदलणे

गणपतीच्या दिवसांत मालवणजवळच्या एका घरी मला बोलावणे आले. मुंबईहून आलेल्या मुलांनी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर एम्युलेटर बसवला होता आणि माजघरातल्या टीव्हीला जोडला होता. सकाळी सगळे नीट चालत असे. रात्रीची आरती आटोपून मुले खेळायला बसली की थोड्या वेळाने आवाज फाटू लागे. घरातल्या आजी दारातूनच विचारत होत्या, "स्पीकर गेलो काय रे?" मोठा मुलगा म्हणाला, "काका, बफर वाढवला, ड्रायव्हर बदलला, कोअर बदलला, तरी होतंच आहे." (कोअर म्हणजे रेट्रोआर्चमधला, एकेका कन्सोलची नक्कल करणारा भाग.) त्याने आणखीही बरेच काही बदलले होते, पण काय काय, ते आता त्याला आठवत नव्हते. दुखण्यापेक्षा हीच गोष्ट मला जास्त खटकली. एकामागून एक दहा गोष्टी बदलल्या की कोणत्या बदलाने काय झाले हे कळण्याचा मार्गच बंद होतो आणि मूळ बिघाडाच्या जोडीला नवे बिघाड येऊन बसतात.

मी लेटन्सी ६४ वर परत आणली, खेळ सुरू करायला सांगितला आणि नुसता ऐकत राहिलो. सुरुवातीला आवाज स्वच्छ होता. मग पडद्यावर शत्रू वाढले की तुटू लागला आणि पुढे रिकाम्या मैदानातही तुटू लागला. त्याच वेळी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात विजेचे छोटे पिवळे चिन्ह चमकून जात होते. मुलांना ते खेळातलेच काहीतरी वाटले होते. हे चिन्ह रास्पबेरी पाय स्वतः दाखवतो आणि त्याचा अर्थ असा, की त्याला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला आहे. यंत्राला वीज मिळत होती ती मोबाइलच्या चार्जरमधून, लांब आणि बारीक केबलवाटे; आणि यंत्र ठेवले होते शोकेसमध्ये, काच बंद करून, वर भरतकामाचे कापड घालून, खारा वारा लागू नये म्हणून. काळजी खरी होती. किनाऱ्यावर उघड्या यंत्राचे काय होते ते आम्ही सगळेच पाहतो. पण भाद्रपदातल्या दमट रात्री बंद काचेआड त्या यंत्राचे तापमान ८० अंशांच्या वर गेले होते, आणि ८० अंशांनंतर हे यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. वेग कमी झाला की एका चित्राला मिळणाऱ्या १६.६७ मिलिसेकंदांत काम पुरे होत नाही, त्या चित्राबरोबरचा आवाज वेळेवर तयार होत नाही आणि बफर कोरडा पडतो.

वीज कमी पडली होती का आणि वेग उतरवला गेला होता का, हे यंत्र सुरू झाल्यापासून लक्षात ठेवते. टर्मिनलवर विचारले की एका आकड्यात सांगते. तो आकडा नुसता शून्य असेल तरच वीज आणि उष्णता या दोन्ही बाबतीत निर्धास्त राहावे. तिथे शून्य नव्हते. दुसऱ्या दिवशी ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा योग्य अडॅप्टर आला, यंत्र शोकेसमधून बाहेर निघाले, त्यावर छोटा पंखा असलेली पेटी बसवली आणि आवाजाचे फाटणे थांबले.

तरीही ठरावीक अंतराने एक बारीक 'टक्' राहिलीच होती. शोधल्यावर असे निघाले, की मुलांनी कोणत्या तरी व्हिडिओत पाहून डायनॅमिक ऑडिओ रेट कंट्रोल बंद केला होता. तो चालू करताच 'टक्'ही गेली. मूळ दुखणे विजेचे आणि उष्णतेचे, आणि त्यावर हे दुसरे घाईने ओढवून घेतलेले. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, खेळातला एकच प्रसंग दर वेळी खेळून पाहावा आणि बदल वहीत लिहावा, असा माझा नियम आहे. मी आजही वही वापरतो. नव्याने आलेल्यांना हे कंटाळवाणे वाटते. पण वही ठेवणाऱ्याचे काम एका बैठकीत होते आणि न ठेवणाऱ्याचे आठवडाभर चालते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आठवणीतल्या वेगाशी जुळवायला जाणे

ही चूक विशेष आपल्याकडची आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत कोकणातल्या घराघरांत कॅसेटवाले जे 'व्हिडिओ गेम' आले, ते निन्टेन्डोच्या ८-बिट कन्सोलच्या नकला होत्या. आपले टीव्ही पाल (५० हर्ट्‌झच्या) पद्धतीचे असल्याने त्यांपैकी कित्येक यंत्रे सेकंदाला ५० चित्रे काढत. या खेळांतले संगीत बहुधा चित्रांच्या गतीवर पुढे सरकते, त्यामुळे आपण लहानपणी ऐकलेले संगीत मूळ संगीतापेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने संथ होते. आता एम्युलेटरवर तेच संगीत ६० च्या वेगाने ऐकले की माणूस म्हणतो, "हे पळतंय," आणि स्लो मोशन लावून किंवा वेगाचा गुणक कमी करून ते आवरायला जातो. तिथे आवाज बळजबरीने ताणला जातो आणि त्यात खरखर आली नाही तरच नवल.

त्याहून जाणते लोक प्रदेश म्हणून 'पाल' निवडतात, पण तेही पुरते बरोबर नाही. निन्टेन्डोच्या युरोपातल्या अस्सल यंत्राचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्‌झचा होता, तर मूळ अमेरिकी-जपानी यंत्राचा १.७९ चा. आवाज प्रोसेसरच्या घड्याळावरच तयार होत असल्याने युरोपी यंत्रावर सूर अर्ध्या स्वराहूनही अधिक खाली उतरतो. नकलांमध्ये मात्र बहुधा १.७७ मेगाहर्ट्‌झचे घड्याळ असे. म्हणजे गती ५० ची, पण सूर जवळजवळ मूळचाच. मेसेनसारख्या एम्युलेटरमध्ये यासाठी 'डेंडी' हा वेगळा पर्याय आहे. १९९२ मध्ये रशियात आलेल्या अशाच एका नकलेचे ते नाव. लहानपणीचाच आवाज हवा असेल तर 'डेंडी' निवडावे आणि टीव्ही त्या वेळेपुरता ५० हर्ट्‌झवर न्यावा. या एका बाबतीत ५० हर्ट्‌झ योग्य आहे.

मूळ यंत्राचा स्वभाव बिघाड समजणे

त्या ८-बिट यंत्रात आवाजाच्या एकूण पाचच वाटा होत्या: दोन पल्स, एक त्रिकोणी, एक गोंगाटाची आणि एक रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांची. म्हणून १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये उडी मारली की उडीचा आवाज संगीताची एक वाट तेवढ्यापुरती घेतो आणि संगीतातला एक सूर क्षणभर गायब होतो. खऱ्या यंत्रावरही तसेच होत असे. तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही आणि करूही नये.

आणखी काही, थोडक्यात

ब्लूटूथ स्पीकर लावून आवाज उशिरा येतो म्हणू नये, वायर लावावी.

रन-अहेड (बटणाचा परिणाम लवकर दाखवणारी सोय) आणि रिवाइंड (खेळ मागे नेण्याची सोय) दोन्ही चालू ठेवून साध्या यंत्राकडून निर्मळ आवाजाची अपेक्षा धरू नये. रन-अहेड दर चित्रामागे जास्तीचे चित्र काढून पाहतो, म्हणजे काम जवळजवळ दुप्पट होते. तो हवाच असेल तर कोअरची दुसरी प्रत वापरण्याचा पर्याय निवडावा, कारण काही कोअरमध्ये त्याशिवाय आवाज फुटतो.

लॅपटॉप इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर असताना तो बचतीच्या मोडमध्ये गेला आहे का, ते आधी पाहावे. पावसाळ्यात वीज जाणे आमच्याकडे नवे नाही, आणि 'वीज गेल्यावरच आवाज तुटतो' या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

कॅसेटच्या खेळांसाठी मेमरी कार्डाला दोष देऊ नये. निन्टेन्डोच्या १६-बिट कन्सोलच्या सर्वांत मोठ्या अधिकृत कॅसेटदेखील ६ मेगाबाइटच्या आहेत आणि असा खेळ सुरुवातीलाच पूर्ण मेमरीत येतो. प्लेस्टेशनसारख्या सीडीच्या खेळांत मात्र संगीत खेळताना वाचले जाते. तिथे संथ कार्डाची शंका घेणे रास्त आहे.

हजारो खेळ भरलेले तयार कार्ड विकत घेऊ नये. त्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी पडद्यासाठी केलेली सेटिंग असते आणि ती उलगडण्यात जो वेळ जातो, त्यात सगळे नव्याने बसवून होते.

वायर हलली की 'खर्र' होत असेल तर सॉफ्टवेअरकडे पाहूच नये. खाऱ्या आणि दमट हवेत ऑडिओच्या पिनवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडाला लावून पिन पुसावी, ती सॉकेटमध्ये घालून काही वेळा फिरवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. शिलाई मशीनचे तेल सोडणारे लोक भेटतात. तेलावर धूळ बसते आणि पुढच्या पावसाळ्यात सॉकेटच बदलावे लागते.

सर्व जुळल्यावर एखाद्याच खेळाला वेगळी लेटन्सी किंवा वेगळा प्रदेश लागत असेल, तर तो बदल मुख्य सेटिंगमध्ये करू नये. रेट्रोआर्चमध्ये त्या खेळापुरते 'ओव्हरराइड' जतन करता येते. ते करून वहीत खेळाच्या नावापुढे आकडा लिहून ठेवावा.